विहीर हाय, पण कुणाची?

आमच्या गंगापूर गावाला रेल्वे नाही. तालुक्याचं स्टेशन लासूर. निजामाच्या काळात, १९०० च्या आसपास, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाईन तिथून गेली. माझा बाप त्याच लाईनीवर गँगमन होता.

मागं एका मित्रानं सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशाची झेरॉक्स दिली. एक इंचाला एक मैल असा. मी तो मायपुढं पसरला. तिला अक्षर येत नाही. बोट ठेवून सांगत गेलो. ही लाईन. ही शिवना नदी. हे बारके गोल म्हंजी विहिरी.

माय बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "विहीर हाय खरी. पण आपल्याला तिच्यावर चढू देत नव्हते, ते कुठं लिव्हलंय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. मोजणीदारानं लाईन मोजली, ओढे मोजले, चढउतार मोजले. गाव म्हणून ठिपक्यांचा एक पुंजका काढला. त्यात पाटलाचा वाडा कोणता, महारवाडा कोणता, हे काही कळत नाही.

म्हणून नकाशा फेकायचा का? नाही, दोस्तहो. जायकवाडी धरण १९७६ ला पुरं झालं. कायगावकडची कितीतरी रानं नाथसागरात गेली. ती आता जुन्या नकाशातच दिसतात.

आपलं गायरानही तसंच. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतर आमच्या लोकांनी गायरानातले दगड वेचले, माळ फोडला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी कचेरीत माझ्या मायला विचारलं, "पुरावा काय?"

एवढ्या नकाशावर भागत नाही. त्यात गटनंबर नसतो, कसणाऱ्याचं नाव नसतं. त्याच्या शेजारी गावनकाशा ठेवा. १९५४ चं खासरा पत्रक काढा. सातबारा, पंचनामे, दंडाच्या पावत्या जोडा. दंड भरला तीच पावती सांगते की जमीन आपण कसत होतो.

आणि म्हातारी माणसं जिती हायेत तोवर त्यांना नकाशापुढं बसवा. ती बोट ठेवतील तिथं खूण करा, सांगतील ते तारखेनिशी लिहून घ्या. मायनं दाखवलं तिथं मी पेन्सिलीनं फुली मारली. आता पुढच्या तारखेला ते कागद घेऊन आम्ही दोघं जाणार आहोत.