हुम : टेकडीवरचं गाव आणि उसना शब्द

क्रोएशियाच्या इस्त्रिया भागात एका टेकडीवर ‘हुम’ नावाचं चिमुकलं गाव आहे. जुना दगडी तट, भलामोठा दरवाजा, आत अरुंद गल्ल्या आणि मोजकी घरं. ‘जगातलं सर्वांत लहान शहर’ अशी ख्याती असल्यामुळे पर्यटक मुद्दाम वाट वाकडी करून इथे येतात. शेजारच्या रोच गावापासून इथपर्यंतच्या सुमारे ७ किलोमीटरच्या रस्त्यावर ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीची दगडी स्मारकं उभी आहेत.

आता ‘हुम’ म्हणजे काय? तर टेकडी! टेकडीवरच्या गावाचं नावच टेकडी. गंमत म्हणजे, स्लाव्ह लिपीच्या या वाटेच्या टोकाला असलेल्या गावाचं नाव मुळात स्लाव्ह नाही. शेकडो वर्षांपूर्वी स्लाव्ह लोकांनी हा शब्द आपल्या जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतला, असं भाषातज्ज्ञ मानतात. रशियन भाषेत तो ‘खोल्म’ झाला. क्रोएशियनमध्ये मधल्या ‘ल’चा ‘उ’ होऊन ‘हुम’ उरला. लांडग्याचंही तसंच झालं : रशियात ‘वोल्क’, क्रोएशियात ‘वुक’. पोलंडमधलं ‘हेऊम’ शहरही याच शब्दाचं, आणि तिथेही गावाच्या मधोमध टेकडी आहेच.

शब्दाच्या माहेरी मात्र अर्थ बदलला. उत्तरेकडच्या लोकांना टेकडीसारखी वर आलेली जमीन पाण्यात दिसली आणि ‘होल्म’ म्हणजे छोटं बेट झालं. स्टॉकहोम शहराच्या नावातला ‘होम’ तो हाच. जुन्या इंग्रजी कवितेत तर त्याचा अर्थ चक्क समुद्र!

मग स्लाव्ह लोकांकडे स्वतःचा शब्द नव्हता का? होता की. ‘गोरा’ म्हणजे डोंगर. आपल्या ‘गिरी’चा तो लांबचा भाऊ. तरीही त्यांनी शेजाऱ्याचा शब्द घेतला, आणि दोन्ही सुखाने नांदले.

आपल्या घरात आजी ‘मेज’ म्हणते, नातवंडं ‘टेबल’. यातला मराठी शब्द कोणता, यावर वाद रंगतो. खरं तर ‘मेज’ फारसीतून आला आणि ‘टेबल’ इंग्रजीतून. अशा वेळी मला हुम आठवतं. पायाखालच्या जमिनीचं नावसुद्धा उसनं असू शकतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर घरं बांधली, की ते आपलंच होतं.