अंगण खरोखरच वाकडे होते!

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आम्हां दोघा भावांस फार प्रिय होती. कोणी आपल्या अपयशाचा दोष बॅटीला, लेखणीला किंवा प्रश्नपत्रिकेला देऊ लागला, की आम्ही ती त्याच्या तोंडावर फेकीत असू. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हीच म्हण आमच्यावर उलटली. तो प्रसंग सांगताना संकोच वाटतो. तरीही तो सांगितलाच पाहिजे.

त्या सुट्टीत मामा पुण्याहून हुबळीस आले, ते डार्टच्या खेळाचे साहित्य घेऊन. इंग्लंडात फार लोकप्रिय असलेला हा खेळ आम्ही तोवर केवळ चित्रांत पाहिला होता. भिंतीवर टांगावयाचा गोल फळा घायपाताच्या जातीच्या तंतूंचा असतो. त्यात रुतलेले टोक उपटून घेतले, की तंतू पुन्हा मिटतात आणि भोक दिसेनासे होते. नियमाप्रमाणे फळ्याचा मध्यबिंदू जमिनीपासून ५ फूट ८ इंच उंच असतो आणि बाण फेकणाऱ्याने सुमारे पावणेआठ फुटांवरील रेघेमागे उभे राहावयाचे असते. मामांनी फीत लावून फळा टांगला, पडवीत खडूने रेघ ओढली आणि आम्ही बाणांची वाटणी करावयास बसलो.

या लहानशा बाणाचे चार अवयव असतात: पुढे पोलादी टोक, त्यामागे जड पितळी धड, धडाला आट्यांनी बसविलेला दांडा आणि दांड्याच्या खाचेत खोवलेले चार पाकळ्यांचे पीस. डबीत आखूड, मध्यम व लांब असे तीन प्रकारचे सुटे दांडे होते. चकचकीत ॲल्युमिनियमचे मध्यम दांडे आम्ही स्वतःकडे ठेवले. लांब दांडे बेढब वाटले, म्हणून ते डबीतच राहू दिले. उरलेले नायलॉनचे आखूड दांडे नऊ वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या वाट्यास गेले. त्यांतल्या एका बाणाचे पीस फाटलेले होते. ते आम्हांस दिसले होते, पण आम्ही बोललो नाही.

खेळ सुरू झाला. आमचे बाण थोड्याच सरावाने फळ्यात रुतू लागले. बहिणीचा बाण मात्र हातातून सुटला की डुलत जाई, आडवा होऊन फळ्यावर आपटे आणि खाली पडे. एकदा तर भिंतीचा गिलावाच उडाला. “तुझा हातच वाकडा! तू आपली पाहत बस,” असे आम्ही तिला बजावले. ती रडली नाही, भांडलीही नाही. पुढचे तीन दिवस ती पडवीच्या पायरीवर बसून राहिली आणि आमचे पडलेले बाण उचलून देत राहिली.

आमचे अज्जा हे सारे आरामखुर्चीतून पाहत होते. गदग रस्त्यावरील रेल्वेच्या कारखान्यात त्यांचे सारे आयुष्य गेलेले. चौथ्या दिवशी त्यांनी बहिणीचे बाण मागवून घेतले, चष्मा पुसला, एकेक बाण बोटावर तोलून पाहिला आणि विचारले, “ह्या पोरीचा हात वाकडा म्हणता, दांडा पाहिलात काय?”

आम्ही गप्प राहिलो.

“अरे, कारखान्यात काम बिघडले तर आधी हत्यार पाहावे, मग माणूस. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कोणाचा हे कळत नाही.”

प्रथम त्यांनी फाटलेले पीस काढून तिन्ही बाणांस सारखी पिसे लावली. मग प्रत्येक दांड्याने तिला दहा-दहा वेळा फेकावयास सांगितले आणि पाटीवर रेघा ओढण्याचे काम आमच्याकडे दिले. आखूड दांड्याने दहांपैकी तीन बाण रुतले, मध्यमाने पाच, आणि ज्याला आम्ही बेढब म्हणून टाकून दिले होते त्या लांब दांड्याने आठ!

अज्जांनी कारण समजावून दिले. बाणाचे वजन पुढे असते आणि पीस मागे. बाण डुलू लागला की हवा पिसावर दाब देऊन शेपूट पुन्हा रेषेत आणते. दांडा लांब असला की हा दाब दुरून लागतो, म्हणून त्याचा जोर वाढतो. लांब पान्याने घट्ट नट सुटतो तसेच हे. बहिणीचा हात हलका, फळा तिच्या डोक्याहून उंच. तिच्या बाणाला असा आधार हवाच होता. उलट लांब दांड्याने वजनही थोडे मागे सरकते. आमच्या जोरकस फेकीला तो मानवला नाही. बाण रुतले, पण शेपट्या टाकून. शेवटी आमच्यापैकी थोरल्यास मध्यम दांडा साधला आणि धाकट्यास आखूड! म्हणजे एकही दांडा मुळात वाईट नव्हता. तो कोणाच्या हातात जातो, एवढाच प्रश्न होता.

धनुर्विद्येतही हेच तत्त्व पाळतात. बाणाची काडी किती ताठ असावी हे धनुष्याच्या ताणावरून आणि बाणाच्या लांबीवरून ठरवितात. साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७व्या वर्षी, २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळे यानेही त्याच स्पर्धेत पुरुषांचे अजिंक्यपद मिळविले. त्यांची साधना थोर खरीच. परंतु दुसऱ्याच्या मापाचे बाण हाती दिले असते, तर त्या साधनेचेही चीज झाले नसते.

त्या सायंकाळी आम्ही बहिणीची क्षमा मागितली. शब्द नीट जुळत नव्हते. तिने ते पुरते ऐकलेही नाही; “मग उद्या पहिली पाळी माझी ना?” एवढेच तिने विचारले. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी तिची होती आणि पहिला डावही तिनेच जिंकला.

शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गातील एका मुलास फळ्यावरची गणिते उतरविता येत नाहीत म्हणून मुले हसत होती. पूर्वी आम्हीही हसलो असतो. त्या दिवशी मात्र आम्ही त्याला पहिल्या बाकावर आमच्या शेजारी बसविले. आणि त्याची सारी गणिते बिनचूक उतरली. म्हण खोटी नाही. पण ती दुसऱ्याला ऐकविण्यापूर्वी अंगण एकदा आपल्या डोळ्यांनी पाहून यावे, एवढे आम्ही अज्जांकडून शिकलो.