पाच स्टेशनांपलीकडचा वैमानिक

आकुर्डीहून पुण्याची लोकल धरली की चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि मग खडकी. त्या खडकीत मिग-२१ उडवलेला हवाई दलाचा एक वैमानिक जवळजवळ चोवीस वर्षं राहिला, लिहीत राहिला, आणि मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं! एम. पी. अनिल कुमार. त्यांचा ‘एअरबोर्न टू चेअरबोर्न’ हा इंग्रजी लेख परवा हाती लागला, एका बैठकीत वाचून काढला, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

जन्म केरळचा, पण सैनिकी शिक्षण आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. १९८४ मध्ये हवाई दलात दाखल. १९८८ मध्ये पठाणकोटला मोटरसायकलचा अपघात झाला, मान मोडली आणि मानेखालचं सगळं शरीर निकामी झालं. वय अवघं चोवीस!

मणक्याच्या अशा दुखापतींवर खडकीच्या लष्करी रुग्णालयात खास उपचार होतात. पण उपचार संपल्यावर काय? संवेदनाच नाही, त्यामुळे अंगाखालच्या चादरीची चुणीसुद्धा कळत नाही. दर दोन तासांनी कुणीतरी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर जखमा होतात आणि चिघळतात. घरी हे जन्मभर कोण करणार? अशा जवानांसाठी १९७४ मध्ये खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. माझ्या मते या सगळ्या परिसरातली ही सर्वांत मोलाची वास्तू आहे. आपण मात्र कारखान्यांचीच नावं पाठ करतो.

अनिल कुमार १९९० मध्ये इथे आले. दातांत पेन धरून अक्षरं गिरवायला शिकले. पुढे संगणक आला, तेव्हा तोंडात काडी धरून एकेक कळ दाबू लागले. एक अक्षर, मग दुसरं, मग तिसरं. संरक्षणविषयक मोठमोठे लेख त्यांनी असे लिहिलेत! वाक्यं इतकी डौलदार की त्यामागचे कष्ट कुठे जाणवतच नाहीत. त्यांचा ‘एअरबोर्न टू चेअरबोर्न’ हा लेख पुढे शालेय पाठ्यपुस्तकातही आला. २० मे २०१४ रोजी, पन्नासाव्या वर्षी, ते गेले.

तो लेख इंटरनेटवर सहज सापडतो. आज रात्रीच वाचा, आणि घरात दहावीतलं पोर असेल तर त्यालाही वाचायला लावा.