सांधेवाल्या आजोबांबरोबर छोट्या गाड्यांच्या गावाला

बालमित्रांनो, तुमची उंची किती? चौथी-पाचवीत असाल तर साधारण १३० सेंटिमीटर धरू. आता तिला ८७ ने भागा बरं. किती आलं? जेमतेम दीड सेंटिमीटर! म्हणजे तुम्ही झालात चिंचोक्याएवढे.

अशा चिंचोक्याएवढ्या माणसांचं एक गाव पुण्यात आहे. तिथे रस्ते आहेत, उड्डाणपूल आहेत, दिव्यांचे खांब आहेत आणि गावभर आगगाड्याच आगगाड्या! कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ते हेच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते पाहून आलो. आम्ही म्हणजे मी, माझी तिसरीतली लेक आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणते.

पण अण्णांना पुण्याला न्यायचं का ठरलं, ते आधी सांगते. त्यात माझी एक चूक आहे.

आमचे अण्णा रेल्वेत सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जावी म्हणून सांधा बदलायचा, हे त्यांचं काम. आणि रेल्वे कुठली, तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातून जाणारी बार्शी लाइट! तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आज आपल्याकडे धावणाऱ्या मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांवर असतात. छोटी गाडी बार्शीकडून घाट चढून येडशीला यायची आणि ढोकी, मुरूड करत लातूरला पोचायची. गंमत म्हणजे जिल्ह्याच्या गावाला तेव्हा रेल्वेच नव्हती, पण येडशीला होती! मी लहानपणी त्या गाडीत बसले आहे. घाटात ती इतकी हळू चाले की लोक म्हणत, खाली उतरा, बोरं तोडा आणि पळत येऊन पुन्हा गाडीत बसा.

परिसर अभ्यासाच्या तासाला मी हेच वर्गात रंगवून सांगत होते. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, म्हणजे ती खेळण्यातली गाडी होती का?" सगळा वर्ग हसला. माझी लेक सगळ्यांत मोठ्यानं हसली. आणि खरं सांगते, मीही हसले. रात्री जेवताना लेकीनं हा किस्सा आजोबांना ऐकवला. तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, भिंतीवरच्या खिळ्याला वर्षानुवर्षं टांगलेला त्यांचा पितळी बिल्ला जागेवर नाही! त्यांनी तो काढून ट्रंकेत ठेवला होता. बोलले काहीच नाहीत.

मला फार चुकल्यासारखं वाटलं. म्हणून सुट्टी लागताच मी पुण्याचा बेत ठरवला. अण्णा आधी तयारच होईनात. "खेळण्यातल्या गाड्या बघाया पुण्याला? या वयात?" पण नातीनं हट्ट धरला, मग त्यांचं काय चालतंय! धाराशिवला रात्री मुंबईची गाडी धरली आणि भल्या पहाटे पुण्यात उतरलो.

हे संग्रहालय उभं केलं भाऊ जोशी यांनी. त्यांना लहान गाड्यांचा मोठा नाद. आधी त्यांनी आपल्या छोट्या नगरीची प्रदर्शनं भरवली आणि मग १ एप्रिल १९९८ रोजी हे कायमचं संग्रहालय सुरू झालं.

आत मधोमध ती नगरी मांडलेली आहे आणि आपण भोवती उभं राहून पाहायचं. खेळ सुरू झाला. कुठे वाफेच्या इंजिनाची गाडी, कुठे सुसाट जाणारी वेगवान गाडी. एक तर रुळाखाली लटकत चाललेली! अशी खरीखुरी लटकती गाडी जर्मनीतल्या वुप्पर्टाल शहरात १९०१ सालापासून आहे, बरं का. मधे सर्कशीचा तंबूही आहे. मग खोलीतले दिवे मालवले आणि नगरीत रात्र झाली. इवले इवले दिवे लागले. माझी लेक तर श्वास घ्यायचीच विसरली!

आता थोडं गणित. जगभर अशा गाड्या बनवणारे लोक जे माप सगळ्यांत जास्त वापरतात, ते आहे १ ला ८७. म्हणजे खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल तर तिची प्रतिकृती १ सेंटिमीटरची. रेल्वेचा २१ मीटर लांबीचा डबा इथे होतो २४ सेंटिमीटरचा, तुमच्या कंपासातल्या पट्टीहून बराच मोठा. रुळांमधलं अंतर फक्त १६.५ मिलिमीटर. पण डबा लहान झाला म्हणून चाकं विसरून चालत नाही आणि चाकांची कडही विसरून चालत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कड असते ना, तीच गाडीला रुळावर धरून ठेवते. खऱ्या गाडीचंही तसंच आणि छोट्या गाडीचंही तसंच.

आणि या इंजिनांना ताकद कुठून मिळते? बहुतेक छोट्या गाड्यांना वीज रुळांमधूनच मिळते. वीज चाकांतून वर चढते आणि इंजिनातली लहानशी मोटर फिरवते. वीज वाढवली की गाडी पळते, कमी केली की मंदावते. म्हणून रुळावर नुसती धूळ बसली तरी गाडी अडखळते. केवढी निगा ठेवावी लागत असेल, विचार करा!

सगळे लोक गाड्यांकडे पाहत होते. अण्णा मात्र गाड्यांकडे पाहतच नव्हते. ते वाकून एकाच जागी टक लावून बसले होते. तेवढ्यात हळूच म्हणाले, "सांधा फिरला. आता ही डावीकडं जाणार." आणि गाडी डावीकडे वळली! लेकीनं चमकून आजोबांकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा, "ही सरळ जाणार." गाडी सरळ गेली. आता लेकीचंही लक्ष गाड्यांवरून उडालं.

"आजोबा, तुम्हाला कसं कळतं हो?"

"गाडी काय सांगत नसते, माय. सांधा सांगतो. त्यो बग."

त्यांनी बोटानं दाखवलं. जिथे एका मार्गाचे दोन मार्ग होतात, तिथे निमुळत्या टोकाचे दोन रूळ असतात. ते दोन्ही मिळून एकदम सरकतात. त्यातला एक शेजारच्या रुळाला घट्ट चिकटतो आणि दुसरा सुटा होतो. चिकटलेल्या रुळावरून चाक वळतं. बस, एवढंच! या नगरीत ६५ सिग्नल आहेत. आजोबा आणि नात मिळून सांध्यामागून सांधा आणि सिग्नलामागून सिग्नल शोधत राहिले. शेजारची दोन-तीन मुलंही त्यांच्याभोवती गोळा झाली. खेळ संपल्यावर त्यातल्या एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही इथंच काम करता का?"

बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो. लेकीच्या डोक्यात अजून सांधाच फिरत होता. "आजोबा, तो रूळ नीट चिकटलाच नाही तर?"

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एकदा नव्हता चिकटला."

ही गोष्ट मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आषाढी वारीचे दिवस होते. ही छोटी गाडी कुर्डुवाडीहून पुढे पंढरपूरलाही जायची. त्यामुळे वारीत तिला ही गर्दी! माणसं टपावरसुद्धा बसायची. रात्रीची वेळ, वरून पाऊस. अण्णांनी सांध्याचा दांडा ओढला, तर तो रोजच्यापेक्षा जड लागला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, पावसानं जड झाला असेल. अण्णांनी कंदील खाली धरला. दोन रुळांच्या मधे आवळ्याएवढी खडी अडकली होती आणि बोटभर फट राहिली होती. चाकाची कड त्या फटीत शिरली असती तर? हातानं ती खडी निघेना. लांबून शिट्टी ऐकू आली. अण्णांनी लाल दिवा उचलला आणि रुळांच्या कडेनं गाडीच्या दिशेनं पळत सुटले.

"मग?" लेकीचा चहा तसाच राहिला होता.

"मग काय, थांबली गाडी. खडी काढली. पुन्यांदा दांडा ओढला. गेली गाडी. टपावरल्यांना काय पत्ता न्हाई. भजन म्हणत गेले."

"तुम्हाला बक्षीस मिळालं?"

"गार्डानं चहा पाजला की!"

परतीच्या प्रवासात मग मी दोघांना एक गोष्ट सांगितली, जी मला वर्गातच सांगायला हवी होती. बार्शी लाइट बांधली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. लोक म्हणत, एवढ्या अरुंद रुळावर जड माल कसा जाणार? त्यानं हिशोब मांडला: वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून दिलं, एका आसावर ५ टनांहून जास्त पडू दिलं नाही, तर हलक्या रुळांवरूनही मोठा भार नेता येतो. १८९४ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यानं ही गाडी चालवून दाखवली. म्हणजे आपल्या छोट्या गाडीचंसुद्धा तिथे एक प्रदर्शनच झालं म्हणा ना! १८९७ मध्ये ती बार्शीला धावली, १९११ मध्ये लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर! पुढे १९०४ साली इंग्लंडमध्ये तशीच अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, तिचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच. बार्शीत शिकलेलं तिकडे कामाला आलं. लातूर ते कुर्डुवाडी मोठे रूळ टाकायचं काम २००८ मध्ये पुरं झालं आणि धाराशिव शहरालाही रेल्वे आली. इकडची छोटी गाडी मात्र थांबली.

अण्णा खिडकीबाहेर पाहत ऐकत होते. बाहेर काळोख होता. इतकंच म्हणाले, "पाच टन. बरोबर हाय."

सुट्टीनंतर शाळा भरली. पहिल्याच आठवड्यात आमच्या वर्गात एक पाहुणे आले. छातीवर घासूनपुसून लखलखीत केलेला पितळी बिल्ला! ट्रंकेतून तो कोणी काढला, हे सांगायला नकोच. पाहुण्यांनी फरशीवर खडूनं रूळ आखले, दोन पट्ट्या ठेवल्या आणि सांधा कसा फिरतो ते दाखवलं. मग पट्ट्यांच्या मधे एक चिंचोका ठेवला. "आता सांगा, गाडी जाईल का?" ज्या मुलानं "खेळण्यातली गाडी का" म्हणून विचारलं होतं, तोच आधी पुढे आला. गुडघ्यावर बसून त्यानं फट नीट पाहिली, चिंचोका उचलला, पट्टी सरकवली आणि म्हणाला, "आता जाऊ द्या."

तर मित्रांनो, पुण्याला गेलात तर हे छोट्या गाड्यांचं गाव जरूर पाहा. जाण्याआधी खेळांच्या वेळा विचारून घ्या. आईबाबांना घेऊन जाच, पण आजी-आजोबांनाही न्या. गाड्या तर सगळेच पाहतात. तुम्ही मात्र वाकून सांधा शोधा. आणि घरी कोणी रेल्वेत, एसटीत, गिरणीत नाहीतर कारखान्यात काम केलेलं असेल, तर येताना त्यांना एवढंच विचारा, "तुमच्या कामात तो खडा कुठला होता हो?"

काय उत्तर मिळालं, ते तुमच्या बाईंना नक्की सांगा. सांगाल ना?