पाइनच्या ठोकळ्याची गाडी

वाय-टू-केच्या आगेमागे अमेरिकेत आलेल्या आमच्या पिढीच्या घरांत मुलगा दुसरी-तिसरीत गेला, कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट पथकात, रमला, की हिवाळ्यात एक छोटं खोकं यायचं. आत पाइनच्या लाकडाचा सात इंच लांब ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आसांसाठी चार खिळे. अशा ठोकळ्यांच्या गाड्यांची शर्यत, पाइनवुड डर्बी, जवळ आलेली असायची. मग न्यू जर्सी असो की बे एरिया, मराठी घरांच्या गॅरेजमधले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू राहायचे.

ही शर्यत १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी यांनी सुरू केली. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा ‘सोप बॉक्स डर्बी’साठी, म्हणजे आत बसून चालवायच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी, वयाने लहान पडत होता. म्हणून त्यांनी हातात मावतील अशा गाड्यांची शर्यत काढली. बाप-लेकांनी एकत्र बसून काही घडवावं, हा त्यांचा हेतू.

आम्ही बेअरिंगच्या गाडीवर वाढलेली माणसं. गॅरेजवाल्याच्या मागे लागून मिळवलेली जुनी बेअरिंगं, एक फळी, वळवायला पुढे आडवी पट्टी. उतारावरून खर्रर्र करत ती सुटली की अख्खी आळी बाहेर यायची. पण ती गाडी आम्ही पोरापोरांनीच केलेली. वडील दमून घरी यायचे. आमच्या शेजारी बसून खेळणं करायला त्यांना सवड नव्हती. त्यामुळे तो ठोकळा हाती आला तेव्हा मुलांइतकेच आम्हीही हरखलो.

आधी चौकटीच्या कागदावर गाडीचं चित्र. कुणाला फेरारी हवी, कुणाला शार्क. चित्र कापून ठोकळ्यावर चिकटवायचं आणि करवत चालवायची. गाडीला इंजिन नसतं. उतारावर मिळालेला वेग सपाटीवर टिकवायचा, एवढाच खेळ. वजनाची मर्यादा पाच औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. वजन मर्यादेच्या अगदी काठापर्यंत न्यायचं आणि जास्तीत जास्त मागे ठेवायचं. कारण गाडी उतारावर उभी असताना मागची बाजू उंच असते आणि तिथलं वजन अधिक खाली येतं. पोळ्यांची कणीक मोजायचा डिजिटल काटा त्या दिवसांत गॅरेजमध्येच असायचा. वजन जास्त भरलं की लाकूड पोखरायचं, कमी पडलं की नाणी चिकटवायची.

खरी हारजीत मात्र खिळ्यांत असते. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरा राहिलेला असतो. तो चाकाला घासतो आणि वेग खातो. आमच्याकडे तेव्हा सहा महिन्यांसाठी ठाण्याहून आजोबा आले होते. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून झालेली. त्यांनी नातवाच्या हातात कानस दिली.

“आजोबा, झालं?”

“बोट फिरवून बघ. लागतंय काही?”

“थोडंसं लागतंय.”

“मग नाही झालं. हलक्या हाताने घास.”

कानशीनंतर पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. खिळा चकाकू लागला तसा एरवी दोन वाक्यांनंतर इंग्रजीत शिरणारा मुलगा तासभर मराठीत बोलत होता. शेवटी ग्रॅफाइटची पूड. बोटं काळी, नाक काळं, फ्रिजच्या दारावरही काळे ठसे. रंग द्यायचं काम आईकडे, आणि गाडीच्या नाकावर गणपती हवा हा हट्ट धाकट्या बहिणीचा. मुलींना कब स्काउटमध्ये प्रवेश २०१८ पासून मिळाला. त्याआधी आमच्या मुलींनी भावाच्या गाड्यांवरच हौस भागवली.

शर्यतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लांबलचक ट्रॅक, कडेला गुडघ्यांवर बसलेली मुलं. गाड्या सुटल्या की दोन-तीन सेकंदांत निकाल. काही गाड्या इतक्या सफाईदार असायच्या की त्या कुणी केल्या हे न सांगता कळायचं. त्यांचे छोटे मालक बाजूला उभे असत आणि त्यांच्या गाडीला धक्का लागला की बाबाच आधी धावत. ओबडधोबड गाड्यांची मुलं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली गाडी उलटी करून दाखवायची: हे भोक मी पाडलं, हा खिळा मी घासला. गाडी आठव्या नंबरावर आली तरी त्यांचं सांगणं थांबायचं नाही.

आता ती मुलं नोकरीला लागली. त्यांच्या ट्रॉफ्या घर बदलताना कुठेकुठे गेल्या, पण गाड्या बहुतेक घरांत शोकेसमध्ये अजून आहेत. काही वर्षांत तोच ठोकळा त्यांच्या मुलांसाठी घरी येईल. आमच्यातले कित्येक जण तेव्हा आजोबा-आजी म्हणून शेजारी असतील. त्यांना एकच सांगणं आहे: करवत नातवंडाच्या हातात द्या, काप वाकडा गेला तरी द्या. जिंकणारी गाडी विकत मिळते. स्वतः घासलेला खिळा विकत मिळत नाही.