दक्षिणेकडचा गोंगाट

हाताला कंप सुटल्यापासून लूप अँटेनावर तार गुंडाळण्याचे काम शिष्याकडे गेले. लूप फिरवण्याचा अधिकार मात्र मी अद्याप सोडलेला नाही. तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या विजयनारायणम येथून पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर चालणारे नौदलाचे प्रक्षेपण गुलमंडीच्या बाजारातल्या आमच्या गच्चीवर पकडणे अवघड नाही. त्याच्या चढउतारात सूर्याचा वाटा किती आणि बाजारपेठेचा किती, याचा निवाडा करणे अवघड. गोंगाटाला लूपची सपाट बाजू दाखवली की तो गळतो. परंतु आमच्या दक्षिणेकडच्या दुकानांतले एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर नेमके प्रक्षेपकाच्याच रेषेत आहेत, त्यामुळे एकाला दाबावे तर दुसराही दबतो.

१० मे २०२४ रोजी भर दुपारी एक्स ३.९ प्रतीची सौरज्वाला उसळली, तेव्हा तिच्या क्ष-किरणांनी साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरच्या ‘डी’ थराचे आयनीभवन वाढवले. त्या थरातून पार जाऊ पाहणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरी तिथेच शोषल्या गेल्या, आणि साडेसोळा किलोमीटर तरंगलांबीच्या आमच्या संकेताला, जो त्या थराच्या तळावरूनच परततो, उलट खाली उतरलेले ठाम छत लाभले. आलेखावरची रेषा भराभर चढली आणि उतरताना रेंगाळली, कारण सुटे झालेले इलेक्ट्रॉन सावकाशच पुन्हा जुळतात. इन्व्हर्टरचा गोंगाट मात्र उठतो तसाच बसतो. तथापि लहान ज्वालांचा उतार इतका फिका असतो की त्या दक्षिणेच्या गोंगाटात तो बुडून जातो, आणि माझ्या कित्येक संध्याकाळी त्या एकाच उतारावर खर्ची पडल्या आहेत.

उपग्रहाचे आकडे आधी मोबाइलवर पाहून मग आपल्या आलेखात ज्वाला शोधणारी मंडळी हल्ली वाढली आहेत. पढवलेल्या साक्षीदाराची जबानी मी ग्राह्य धरीत नाही. १८५९च्या २ सप्टेंबरचे चुंबकीय महावादळ ज्यांनी कुलाबा वेधशाळेच्या दप्तरात उतरवले, त्यांना काय दिसणार हे आगाऊ कोणी कळवले नव्हते.

शिष्य म्हणतो, दुसरा लूप खुलताबादेस शेतात उभारू. दोन्ही आलेखांत एकाच क्षणी जे उमटेल ते सूर्याचे, इथेच उमटेल ते गुलमंडीचे. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तार गुंडाळणे सुरूही झाले आहे. परंतु भर बाजारात बसून सूर्य निवडून काढण्याचा जो अभिमान मी आयुष्यभर जोपासला, तो सुटत नाही. म्हणून त्याचा आलेख हाती येण्यापूर्वी माझा निकाल मी वहीत वेळेसकट लिहून ठेवणार आहे, आणि त्याखाली सही करणार आहे.