न्यायमूर्ती संतोष हेगडे यांस, कॅसलरॉकहून

आदरणीय न्यायमूर्ती संतोष हेगडे यांस,



आमच्या कॅसलरॉकला गोव्याकडे उतरणारी मालगाडी थांबते. पुढे ब्रागांझा घाट, ३७ फुटांमागे १ फूट उतार. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. १९६१ पर्यंत इथं पोर्तुगीज गोव्याची हद्द होती, कस्टमवाले प्रवाशांचं सामान उघडून बघत. त्याच आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातल्या बेलेकेरी बंदरातून, जप्त केलेलं लाखो टन लोहखनिज २०१० साली परस्पर जहाजात चढलं!

बल्लारीहून आलेलं हे खनिज पकडलं होतं वन अधिकारी आर. गोकुळ यांनी. चोरी पकडणाऱ्याची पाठ थोपटायची सोडून सरकार त्यांनाच निलंबित करायला निघालं. तेव्हा, २३ जून २०१० रोजी, आपण कर्नाटकच्या लोकायुक्तपदाचा राजीनामा दिलात. हाताखालच्याही नव्हे, दुसऱ्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यासाठी! १९७३ साली अमेरिकेत निक्सननं वॉटरगेटचा तपास करणाऱ्या कॉक्स यांना काढायचा हुकूम दिला, तेव्हा अॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनीही हुकूम पाळण्यापेक्षा खुर्ची सोडली होती. मला ती गोष्ट वाचताना आपणच आठवता.

राजीनामा मागे घेऊन आपण बेकायदा खाणकामाच्या चौकशीचं काम तडीस नेलंत, हे मला त्याहून मोठं वाटतं. जुलै २०११ च्या अहवालात आपण राज्याचं १६,०८५ कोटींचं नुकसान मांडलंत आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना पायउतार व्हावं लागलं. (खाणकंपनीकडून मिळालेल्या देणगीच्या खटल्यात २०१६ साली न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, हेही नोंदवायला हवं.) पण त्याच २०१६ साली, दुसऱ्या पक्षाच्या सरकारनं, लोकायुक्तांच्या पोलिसांचे अधिकार काढून वेगळा भ्रष्टाचारविरोधी ब्युरो काढला, तोही थेट सरकारच्या हाताखाली. उच्च न्यायालयानं २०२२ साली तो रद्द करेपर्यंत सहा वर्षं गेली. पक्ष कुठलाही असो, तपासणाऱ्याचा हात धरायची खोड तीच.

म्हणून आपल्याकडे एक मागणं आहे. लोकायुक्तांच्या चौकशीला मदत करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली वा निलंबन लोकायुक्तांच्या संमतीशिवाय होऊ नये, अशी तरतूद कायद्यात व्हावी. आपण ही मागणी लावून धरा. आपला शब्द विधानसौधात अजून ऐकला जाईल.

आपला नम्र,
कॅसलरॉकचा एक रहिवासी